शेवटच्या दिवसाची गाडी

९ नोव्हेंबर, रविवार

परतूरला आलो एकदाचा. ही वही मार्तंडकाकांनी दिली. कोणता रंग कशात किती मिसळला ते हिच्यात लिहीत जा म्हणले, माणूस आज हाय उद्या न्हाई, मिश्रण राह्यलं पाहिजे. मी म्हणलं बराबर हाय. आणि पहिल्याच पानावर रंग सोडून माझंच लिहून राह्यलो. जाऊ द्या, रंग उद्यापासून.

तर मी भुजंग. गाव हसनाबाद, तालुका भोकरदन. आजोबाचं नाव ठेवलं म्हणून हे असं म्हातारं नाव. अकरावी अर्धी. मंग जालन्याला गॅरेजवर डेंटिंग-पेंटिंग, तिथून पुण्यात पार्सल वाटणं, तिथून हैदराबादला हॉटेलात, मधी नांदेडला मंडपवाल्याकडं. एका जागी बूड टेकत न्हाई माझं. आमचा दादा, हरिओम, म्हणतो की भुज्याला जेवायला बसवलं तर भात येईपर्यंत तो तिसऱ्याच्या घरी असतो.

या टायमाला काम मात्र लई भारी लागलं. काका गाड्यांची मॉडेलं बनवतात. खेळणी न्हाईत. खरी गाडी चोवीसपट बारीक केली तर जेवढी होईल तेवढी, वीतभर, पण आत सीटची शिलाईसुद्धा दिसते. जन्मभर पाटबंधारे खात्यात नकाशे काढले, रिटायर झाले तर हात गप बसेनात म्हणून हा शौक. आता लांबलांबून लोक येतात. पण डोळे धुरकट झालेत, बारीक रंग दिसत न्हाई, म्हणून हात पाहिजे होता. जालन्याच्या गॅरेजवाल्यानं माझं नाव सांगितलं. बाकी कशात न्हाई पण स्प्रेमध्ये माझा हात चांगला हाय, हे दुश्मनसुद्धा मान्य करील.

खोली वरच्या मजल्यावर. तीन बाजूंनी खिडक्या, खाली पेरूचं झाड, पलीकडं रेल्वेचे रूळ. गाडी गेली की टेबलावरचे चिमटे थरथरतात. विमलकाकूंनी भाकर, शेपूची भाजी आणि ठेचा वाढला. वरून म्हणल्या की आधीची पोरं महिना भरायच्या आत पळाली, तू कधी पळणार ते आत्ताच सांग, म्हणजे पीठ तेवढंच मळते. मी म्हणलं, काकू, भाकरी अशी राह्यली तर मीच म्हातारा होतो इथं. हसल्या. आवडलं मला हे घर.

११ नोव्हेंबर, मंगळवार

आज काम शिकलो. पातळ प्लास्टिकची शीट कापून गाडीचं अंग बनतं. सांध्यात पुट्टी, मंग ओला पॉलिश पेपर, मंग राखाडी प्रायमर, मंग रंग. एकदम जाड न्हाई मारायचा, पातळ-पातळ हात. दाराच्या फटीत काळपट पाणी सोडलं की फट खोल दिसते. आणि त्याच्यानंतर खरं काम: गाडी जुनी करणं. कोरी गाडी खोटी दिसते म्हणतात काका. जी चालली तिच्यावर खुणा पाहिजेत. घासलेलं हँडल, गंजलेली पायरी, चाकाला खरी माती. माती तर ते त्याच गाडीच्या मडगार्डातून खरवडून आणायला सांगतात आणि तलम कापडातून गाळतात. सगळं झालं की वरून लॅकर, म्हणजे काचेवानी चकचकीत शेवटचा हात. लॅकर मारला की पुन्हा हात लावायचा न्हाई, गाडी झाली.

गिऱ्हाईक आलं की काका पहिला सवाल एकच करतात, गाडी गेलेली हाय का चालती? भंगारात गेली, जळाली, पलटी झाली, तर घेतात. चालती असली तर सरळ चहा पाजून परत पाठवतात. का ते पण मला सांगत होते बिचारे. हात धुऊन, चष्मा पुसून, समोर बसवून सांगत होते. पण खाली गल्लीत कुणाच्या तरी म्हशीनं पापड वाळत घातलेली बाज उलटी केली आणि म्हातारी म्हशीला तिच्या सात पिढ्यांवरून बोलून राह्यली होती, आणि म्हैस पापड खाऊन राह्यली होती. मी मान हलवत गेलो. काका म्हणाले समजलं ना? मी म्हणलं बिलकुल.

संध्याकाळी साळूबाई त्यांचं मॉडेल न्यायला आल्त्या. त्यांच्या मालकाचा, म्हणजे नवऱ्याचा, टेम्पो होता, मालक वारले आणि टेम्पो भंगारात गेला. मॉडेल दोन्ही हातांनी जवळ ओढलं. मंग बोटाच्या टोकानं केबिनच्या पायरीला शिवल्या आणि म्हणल्या, इथंच बसून ते बूट घालायचे. काका म्हणाले, बाई, शेवटच्या दिवशी जशी होती तशीच केलीय, कमी न्हाई जास्ती न्हाई. माझ्या अंगावर काटाच आला. चांगला काटा.

आज रंग: पोपटी आणि थोडा काळा. किती ते विसरलो.

१६ नोव्हेंबर, रविवार

दादा आल्ता. सरकी न्यायला आठवड्याला परतूरला येतोच तो, गावात म्हशीवाले वाट पाहत असतात. वर आला, सगळी मॉडेलं पाहिली, कमरेवर हात ठेवून म्हणाला, बरं हाय, पण यातली तू पुरी केलेली कोणती? मी म्हणलं अजून एक पण न्हाई. तर म्हणे लिहून घे, होणार पण न्हाई. गोठ्याचा पत्रा अर्धा, नळाची लाइन अर्धी, शाळा अर्धी. तुझं लग्न लावलं तर सप्तपदीत चौथ्या पावलाला कुठं जाशील सांगता येत न्हाई.

हसत बोलतो, पण लागतं. वडील गेल्यावर घर त्यानंच ओढलं. पंधरा वर्षं लोकाच्या गाड्या चालवून मंग स्वतःची पिकअप घेतली. पांढरी शुभ्र. काचेवर लेकीचं नाव, तृप्ती. रोज पुसतो. कोपर बाहेर काढून चालवतो म्हणून त्याच्या बाजूची काच बारा महिने खाली.

तेव्हाच डोक्यात आलं. दादाच्या पिकअपचं मॉडेल करायचं. पुरं करायचं. त्याच्या हातात ठेवायचं आणि काही बोलायचं न्हाई.

टेप घेऊन तो जेवत होता तेवढ्यात सगळी मापं घेतली, फोटो काढले, मडगार्डातली काळी माती रुमालात बांधली. काका-काकू उद्या पुण्याला चालले. त्यांची लेक गंधालीताई तिथं कंपनीत हाय, तिनं मोतीबिंदूच्या ऑपरेशनची तारीख घेतली. एक डोळा झाला की दुसरा. महिनाभर घर माझ्याकडं. काकूंनी पिठाचा डबा भरून ठेवला आणि गॅस कसा बंद करायचा ते चारदा दाखवलं.

२० नोव्हेंबर, गुरुवार

काकांचं काम दिवसभर, माझी पिकअप सकाळी आणि जेवणाच्या सुट्टीत. लई मजा येऊन राह्यली. दार कापताना एकदा बोट कापलं. मागचा पत्र्याचा फाळका, त्याच्या कड्या, साखळी, सगळं हातानं. काचेवर तृप्ती लिहायला एका केसाचा ब्रश लागला, श्वास रोखून लिहिलं. दारं चिकटवली, चाकं बसवली. दादाच्या बाजूची काच खालीच ठेवली.

मी एका जागी इतका वेळ कधी बसलो न्हाई. पाय मुंग्या आल्यावानी करतात, उठून पेरूच्या झाडापर्यंत जाऊन येतो, पण परत येतो. ही नवीन गोष्ट हाय.

२५ नोव्हेंबर, मंगळवार

झाली!

पण आधी काय झालं ते सांगतो. पांढरा रंग वाळला आणि ती एकदम दुकानातल्या खेळण्यावानी दिसायला लागली. खोटी. आता दादाची गाडी खरंच कोरीच हाय, खरचटा न्हाई तिला. मंग मी म्हणलं दोन-चार वर्षांनी होईलच की, आत्ताच करू. फाळक्याला मागून गरम सुरी टेकवून पोचा पाडला, डाव्या कोपऱ्यात. डावा इंडिकेटर फोडला. आरशाला सुईनं तडा मारला. आणि दादाच्या दारावर तपकिरी पाणी घेतलं, गंज दाखवायला. ब्रशमध्ये जास्ती आलं. खिडकीच्या कडेपासून खाली तीन ओघळ उतरले. पुसायला बोळा घेतला आणि थांबलो. इतकं खरं दिसून राह्यलं होतं. राहू दिलं.

मंग माती. मंग लॅकर.

आयुष्यात पहिल्यांदा काहीतरी पुरं केलं. कुणाला सांगू कळंना, स्टेशनसमोर जाऊन चहावाल्याला सांगितलं. तो म्हणाला साखर कमी का जास्ती.

२८ नोव्हेंबर, शुक्रवार

दादाला दिली. हातात घेतली त्यानं. नाव वाचलं. डोळे ओले झाले त्याचे, मी पाहिलं. मंग फिरवून मागं पाहिलं आणि भडकला. अरे येड्या, माझी गाडी हाय का भंगारवाल्याची? फाळका कधी चेपला माझा? तुझ्या वहिनीला दाखवली तर ती रडंल, नव्या गाडीला नजर लावली म्हणंल. ही नीट कर, पांढरी कर, मंग नेतो. पण पाठीवर थाप मारली. पुरी केलीस राव, म्हणाला.

खाली जाऊन गाडी मागं घेताना विजेच्या खांबाला ठोकली. फाळका. डावा कोपरा.

मला खालून ओरडून म्हणाला, तोंड हाय का काय हाय तुझं. दोघंही हसलो. खूप हसलो.

मंग मी खोलीत येऊन मॉडेल पाहिलं. पोचा तसाच. म्हणजे बराबर तसाच, खालच्या बाजूला जरा चिमटल्यावानी. मी सुरी तिरकी धरली होती म्हणून तसा झाल्ता. खांब तर सरळ हाय.

३० नोव्हेंबर, रविवार

अक्षता वहिनीचा फोन. हसत सांगून राह्यली होती की दारात म्हशीनं शिंग मारलं आणि इंडिकेटर फोडला, तुझा दादा म्हशीशी भांडून राह्यलाय. मी विचारलं कोणता. डावा म्हणाली.

होतं असं. योगायोग.

काकांचं काम आज झालं न्हाई. खिडकीत बसून रूळ पाहत राह्यलो. मंग गावात हिंडलो. मंग परत आलो. मंग परत गेलो.

२ डिसेंबर, मंगळवार

आरसा. दादा म्हणाला समोरच्या ट्रॅक्टरचा दगड उडाला. मी म्हणलं फोटो पाठव. तडा खालून उजवीकडं, मंग फाटा फुटलाय. माझी सुई जशी घसरली होती तशी.

काकांना फोन केला. डोळ्याला पट्टी हाय त्यांच्या. मी सगळं सांगितलं. मंग त्यांनी तोच सवाल केला, गाडी गेलेली का चालती? मी म्हणलं चालती. लॅकर मारला का? मारला.

म्हणाले, भुजंग, तुला पहिल्या दिवशी समोर बसवून सांगितलं होतं मी. चालती गाडी रोज बदलते, तिचं माप पुरं होत नसतं. आपण मॉडेल करतो ते शेवटच्या दिवसाचं. गेलेल्या गाडीचा शेवटचा दिवस होऊन गेलेला असतो. तू चालत्या गाडीचा शेवटचा दिवस बनवून ठेवला. आता ती तिकडं निघालीय.

काय-काय केलं होतं, त्यातलं काय राह्यलं, विचारलं. मी दारावरच्या ओघळांचं सांगितलं. तपकिरी. त्यांनी विचारलं गाडीला गंज हाय का. मी म्हणलं न्हाई, नवीन हाय.

ओघळ कुठून सुरू होतात तेही विचारलं, मी म्हणलं खिडकीच्या कडेपासून. मंग म्हणाले, मॉडेल फोडू नकोस. काही झालं तरी फोडू नकोस. मी येईपर्यंत भावाला गाडीवर बसू देऊ नको.

आणि मी म्हैस बघत होतो.

३ डिसेंबर, बुधवार

थिनर लावलं. निघत न्हाई. पॉलिश पेपर घासला, कागद गुळगुळीत झाला, ओघळ तसेच. पात्यानं खरवडलं, पातं तुटलं. पांढरा रंग मारून झाकायला गेलो तर ओघळावरून रंग पाण्यावानी सरकतो. दुसरीकडं मात्र चिकटतो.

दादाला हातापाया पडून सांगितलं. त्यानं आधी ऐकून घेतलं. मंग म्हणाला की मोबाईलवर भुताचे व्हिडिओ पाहू पाहू मेंदूला बुरशी आली तुझ्या. कापसाचे दिवस हायत, दोन महिने गाडी चालली तर वर्ष निघतं. तू येतो का ओढायला? वहिनीनं फोन घेतला. हळू आवाजात विचारलं की, भावजी, खरंच काय हाय का? मी म्हणलं त्याला दारापाशी जाऊ देऊ नका.

मॉडेल घेऊन गावी जावं म्हणतो. पण एसटीत हादरलं, पडलं, काही तुटलं तर —

५ डिसेंबर, शुक्रवार

झालं ते. दादा जिवंत हाय. आधी ते लिहितो. जिवंत हाय.

फाळक्याची साखळी काढताना हात सोलला, तळहात उभा फाटला. तसाच गाडीत बसला, हात बाहेर धरून दवाखान्यात गेला. टाके पडले. दारावरून रक्त वाहिलं ते वाळलं. वहिनीनं फोटो पाठवला. तीन ओघळ. तपकिरी.

रडलो. मंग हसलो. संपलं की. फक्त हात. एवढंच होतं.

भाकर केली. खाल्ली न्हाई. टेबलावर फोटो आणि मॉडेल शेजारी ठेवून पाहून राह्यलो. पोचा, इंडिकेटर, आरसा, ओघळ. कुठंच फरक न्हाई आता. बराबर एक.

ते चांगलं हाय का वाईट ते कळंना.

८ डिसेंबर, सोमवार

दादाचा फोन. आवाज त्याचा वाटला न्हाई.

बांधलेल्या हातानंच कापूस घेऊन अंतरवाली सराटीला गेल्ता. कापूस उतरवला, चौकात चहा घेतला, रिकाम्या गाडीत बसला, चावी फिरवली. गाडी चालू झाली न्हाई. आणि तो पण. असंच म्हणाला तो, मी पण चालू झालो न्हाई. हात स्टिअरिंगवर, नजर समोर, ऐकू सगळं येतं. चहावाला पैसे मागून राह्यला, लोक हाका मारून राह्यले. कुणीतरी हलवलं तर म्हणे, अरे हा तर लाकडावानी लागतो. माश्या बसल्या तोंडावर. पापणी हलंना. श्वास घेतला का तेसुद्धा त्याला आठवत न्हाई.

मंग एकदम सुटला. उतरला, आणि तो उतरल्या उतरल्या कुणीतरी मडगार्डावर पान थुंकलं.

मी विचारलं कधी. तेव्हाच मी इथं पुन्हा पातं घेऊन बसलो होतो, कोपर लागून लाल रंगाची बाटली कलंडली. एक थेंब उडाला. मॉडेलच्या मडगार्डावर.

म्हणजे ती दोन्ही एकसारखी झाली की गाडी थांबते. आत जो असंल तो पण. आणि मी मॉडेलवर आणखी काही लावलं की आतला सुटतो, खऱ्या गाडीवर पण तेच होईपर्यंत.

आत्ता पुन्हा दोन्ही एकसारखी हायत. पान थुंकलेलं हाय. लावतो काहीतरी. माती लावतो —

१० डिसेंबर, बुधवार

दादा आता हसत न्हाई. गाडी दारात उभी केलीय. चावी वहिनीपाशी.

तरी मी लावून राह्यलोय. बिनधोक असं काय लावावं? डेंट न्हाई, तडा न्हाई. काल चाकाला शेण लावलं, दुपारी वहिनी म्हणाली म्हशीचं शेण चाकाला लागलं. काल सुतळी बांधली साखळीला, तासात तृप्तीनं तिथं सुतळी बांधली खेळताना. आधी दिवस लागायचे. मंग तास.

आज झेंडूची माळ केली, दोऱ्याच्या गाठी, पिवळा रंग, पुढं लावली. वहिनीला फोन करून सांगायला गेलो तर ती म्हणाली माळ तर सकाळीच घातली मी.

सकाळी. मी लावायच्या आधी.

११ डिसेंबर, गुरुवार

काळी बाहुली लावली. आधीच होती.
मागं पोतं ठेवलं. आधीच होतं.
काचेवर हळदीचं बोट. तृप्तीनं कालच ओढलंय.

काकांचा फोन बंद. दुसरा डोळा आज होता त्यांचा.

हात थांबत न्हाई. थांबवला तर — पण लावून तरी काय —

दादाला दहादा सांगितलं. बसू नको. एक पाय पण ठेवू नको. हो म्हणाला. शप्पथ घेतली तृप्तीची.

१२ डिसेंबर, शुक्रवार

दुपार. वहिनीचा फोन. ओरडून राह्यलीय.

ट्रॅक्टरला वाट पाहिजे होती. गाडी हातभर पुढं घ्यायची होती फक्त. हातभर. त्यानं वहिनीकडून चावी घेतली, म्हणाला एका मिनिटात उतरतो.

बसलाय. हलत न्हाई. खिडकीतून हात ओढला तर येत न्हाई. गुळगुळीत लागतो म्हणते. वरून काहीतरी दिल्यावानी, चकचकीत. तृप्ती त्याला गुदगुल्या करून राह्यलीय, त्याला वाटतं बाप खेळतोय — तिला वाटतं —

लाल ठिपका लावला. न्हाई सुटला. माती. न्हाई. दोरा, कागद, तांदळाचा दाणा, जे हाती आलं ते. वहिनीला विचारतो, आहे का तिथं? आहे. हे? आहे. ते पण आहे. सगळं आधीच आहे.

डोळ्यावर लॅकर चढल्यावानी — वहिनी म्हणते डोळे वाळून राह्यलेत —

काहीतरी असं पाहिजे जे तिथं न्हाईच. असूच शकत न्हाई.

मी.

मी तिथं न्हाई. मी परतूरला. त्या सीटवर मी असणार कसा? मॉडेलात मला बसवलं तर गाडी बराबर होणारच न्हाई. कधीच न्हाई. आधी का न्हाई सुचलं!

पुट्टी मळली. अंगठ्याएवढा. डोकं, पाय, हात पुढं स्टिअरिंगवर. माझा पिवळा शर्ट. चिमट्यानं खिडकीतून आत सोडतोय. बसला.

सुटला!!

दादा सुटला. खाली पडला दारातून, पण सुटला. खोकून राह्यलाय. फोन घेतला त्यानं, घोगरा आवाज, पहिले शिवी दिली मला, आईवरून, मंग रडला. भुज्या, म्हणाला, काय केलं रे तू. मी म्हणलं पुरं केलं होतं ते मोडलं. हसला. दादा हसला. गाडी ट्रॅक्टरनं ओढून लांब माळावर नेतो म्हणाला, कुणीच बसणार न्हाई आता.

फोन स्पीकरवर ठेवलाय. आधी हे लिहितो, मंग खाली जाऊन चहा —

वहिनी म्हणते सीट दबलेली हाय. दादा केव्हाच उतरला. तरी दबलेलीच, कुणी बसल्यावानी. दार आपोआप लागलं म्हणते. भावजी तुम्ही कुठं हायत, विचारते. इथंच हाय म्हणलं. परतूरला. खुर्चीत.

खुर्चीत. उठतो म्हणतोय मघापासून. पाय —

दादा ओरडून राह्यला. भुज्या बोल काहीतरी. बोलतो तर हाय. बोलतोय ना मी? ओठ —

डावा हात समोर गेला. हवेत धरलाय काहीतरी, गोल. खाली येईना. उजव्यात पेन म्हणून तेवढा — तो पण सरकून राह्यला, ओळ सोडून —

ब्रश टेबलाच्या पलीकडं. पोचत न्हाई. मान फिरत न्हाई. समोर खिडकी, रूळ —

जो कुणी वर येईल त्यानं टेबलावरच्या त्या गाडीवर काहीतरी लावा. काहीपण. माती, थुंकी. एक ठिपका तरी ला